चुकलेल्या जागेला दाद

लोक रजा टाकून कोकणात जातात, फार तर महाबळेश्वरला. मी रजा टाकून पुण्याजवळच्या कारखान्यांच्या पट्ट्यात, आकुर्डी, रहाटणी आणि चाकणच्या बाजूला गेले. जळगावला ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काम करते तिथल्या मुलींनी विचारलं, "तिकडं काय आहे बघायला, नीलाताई?" मी ऐटीत म्हणाले, "बघायला काही नाही, ऐकायला आहे." उत्तर मला फार आवडलं होतं. आता आठवलं की चीड येते.

मी मेटल ऐकते, म्हणजे रॉकचा सगळ्यात दणदणीत प्रकार. पन्नाशीला आलेली, चष्मा लावणारी, रक्ताच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवणारी बाई हे ऐकते, यावर कोणाचा विश्वास बसत नाही. तुमच्यापैकी बहुतेकांनी हे संगीत शेजारच्या खोलीतून ऐकलं असेल आणि दार लावून घ्यायला सांगितलं असेल. पण त्यातही एक अवघड जात आहे. तिथं गिटार एका लांबीचा फेरा घेऊन निघते, ड्रमचा उजवा हात दुसऱ्या लांबीचा आणि डावा हात तिसऱ्याच. सगळे आपापल्या हिशोबानं फिरत राहतात, ऐकणाऱ्याला वाटतं की आता हे कायमचे दुरावले, आणि मग एका ठरलेल्या ठोक्यावर सगळे एकदम येऊन पडतात. आपल्याकडं तबल्याची तिहाई समेवर आली की हायसं वाटतं ना, तेच हे. फक्त तिथवर पोचायला जास्त सोसावं लागतं. साध्या गाण्यात पुढं काय होणार हे मला आधीच कळतं आणि कंटाळा येतो. इथं मला मोजत बसावं लागतं आणि मोजताना बाकीचं सगळं विसरायला होतं.

असल्या ऐकणाऱ्यांचा आमचा एक फोनवरचा गट आहे, 'आडसूर'. फ्रिजच्या घरघरीचं तासाभराचं रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐकलेली माणसं आहेत त्यात. गटाचे म्होरके देवदत्त सर, पुण्याचे, आर्किटेक्चर शिकवून निवृत्त झालेले. त्यांनीच 'काटकोन' नावाचं त्रिकूट शोधून काढलं. गायक नाही, गिटार, बास आणि ड्रम एवढंच. त्यांच्या 'उतरंड' नावाच्या लांबलचक रचनेवर सरांनी मोठा लेख लिहिला. मी मात्र ड्रमवाल्या मिलिंदला थेट निरोप पाठवला होता की अमुक ठिकाणी तुझा डावा हात काय करतो ते मला कळत नाही. त्यानं उलट लिहिलं, "ताई, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच." तिथून ओळख वाढली. आणि ते गुरुवारी आमच्या गटासाठी वाजवणार असं ठरलं, तेव्हा त्यानं मला एक दिवस आधीच बोलावलं.

आकुर्डी, बुधवार

आकुर्डीत पहिलं दर्शन झालं ते इरफानच्या वडिलांच्या गॅरेजचं. इरफान गिटार वाजवतो. रस्त्याच्या कडेला ओळीनं उघडी पडलेली इंजिनं, मध्ये स्टुलावर वडील, आणि मागच्या खोलीत गिटार आणि ॲम्प्लिफायर. चहा आला तोवर शेजारच्या दुकानदारानं मला विचारलं, "मॅडम, कुठल्या कंपनीत?" आमच्याकडं नव्या माणसाला 'तुम्ही कोणाच्या?' असं विचारतात. इथं माणसाची ओळख कंपनीवरून लागते. कुठल्याच नाही म्हटल्यावर तो आपल्या दुकानात निघून गेला.

इरफानचे वडील मुलाकडं बोट दाखवून म्हणाले, "दिनभर इंजिन का आवाज ठीक करता है, शाम को खुद वैसा आवाज निकालता है." मी हसले. इरफान हसला नाही.

"अब्बा मजाकमध्ये बोलतात मॅडम, पण तुमचे सर सिरियसली तेच लिहितात," तो म्हणाला. "कारखान्याचा आक्रोश म्हणे. मी आयुष्यात एक दिवस कंपनीत गेलो नाही. गॅरेजमध्ये बसतो, एसी लावून झोपतो. कसला आक्रोश? मला चार आणि अकरा एकत्र बसवायचे होते, ते बसवायला दोन वर्षं गेली. त्यावर एक ओळ नाही त्यांच्या लेखात."

मी म्हणाले, "मग सांगायचं होतंस त्यांना."

"सांगून काय, आमचं ऐकणारं तेवढंच पब्लिक आहे," असं म्हणून त्यानं हात पुसले आणि मला स्कूटरवरून रहाटणीला सोडलं.

रहाटणी

मिलिंदचं घर रहाटणीत, चौथ्या मजल्यावर. वडील कंपनीतून निवृत्त होऊन गावी लातूरकडं गेले, तो डिप्लोमा करून एका सुट्या भागांच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागला. बायको सुजाता, खासगी दवाखान्यात नर्स. रक्ताच्या नमुन्यांवरून आमचं दोघींचं लगेच जमलं. खानदेशातली पाहुणी येणार म्हणून तिनं शेवभाजी केली होती. तिखट इथल्या जिभेचं होतं, म्हणजे नव्हतंच जवळजवळ, पण मी दोनदा वाढून घेतली.

मिलिंद नम्र वगैरे अजिबात नाही. जेवता जेवता तो म्हणाला, "ताई, 'उतरंड'मधला मधला भाग या पट्ट्यात दुसरा कोणी वाजवून दाखवेल तर मी मिशी काढीन." मिशी भरघोस होती. मग ताट सरकवून त्यानं टेबलावर बोटांनी सगळी रचना उलगडून दाखवली. उजव्या हातानं चाराचा फेरा, डाव्यानं मध्ये मध्ये अगदी हलके, जेमतेम ऐकू येणारे ठोके. गिटारचा फेरा अकराचा, तो त्यानं तोंडानं म्हटला. "सगळे 'एक'वर, म्हणजे पहिल्या ठोक्यावर, भेटतो. ते हलके ठोके आहेत ना, त्यांच्यावर सगळं तोललंय. ते गेले की इरफानला कळत नाही आपण कुठं आहोत." मला त्यानं मांडीवर मोजायला लावलं. चौथ्या वेळी मी त्याच्याबरोबर 'एक'वर पोचले आणि आम्ही दोघं मूर्खासारखे ओरडलो. सगळ्या प्रवासात मला मनापासून आनंद झाला तो तेवढ्या वेळी.

मग त्यानं डावा हात माझ्यासमोर धरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तो वाकवत होता आणि ती नीट वाकत नव्हती.

"कोपरापाशी नस दबलीय. मुंग्या येतात, मग बधिर होतं. डॉक्टर म्हणाले वाजवणं बंद कर, ऑपरेशन करून घे. नाहीतर हाताची पकड जाईल. मग कंपनीतला पाना पण धरता येणार नाही."

"मग करून घे ना."

"पण ऑपरेशननंतर असा हलका हात परत येईलच असं नाही म्हणाले. म्हणून अडून बसलोय." त्यानं हात टेबलावर ठेवला. "ताई, हात अजून वाजतोय का गेला, हे मला आतून कळत नाही. बधिर असतं ना ते. मला वाटतं वाजला ठोका. इरफानला विचारलं तर म्हणतो एक नंबर. बासवाला ओंकार पण म्हणतो एक नंबर. दोस्त आहेत, त्यांना बँड पाहिजे. तुम्ही मोजता. उद्या हात सुटला तर तोंडावर सांगा. सुटला असेल तर मी काड्या खाली ठेवतो, कायमच्या. नसेल सुटला, तर वाजवत राहणार."

सुजाता ओट्याशी भांडी विसळत होती. पाणी बंद करून ती दारात आली. "मी सांगून थकले," ती म्हणाली. "मला म्हणतो तुला त्यातलं काय कळतं. तुम्हाला कळतं ना ताई? मग खरं तेच सांगा. बाकी काही नको."

मी हो म्हणाले. पाहुणचार खाऊन बसल्यावर दुसरं काय म्हणणार? पण अंथरुणावर पडल्यावर मला त्या दोघांचाही राग आला. मी ऐकायला आले होते, परीक्षा घ्यायला नाही.

महाळुंगे, गुरुवार

या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. आमच्याकडं रविवारी असतं तसं वातावरण इथं गुरुवारी. एरवी ट्रकांनी भरलेल्या रस्त्यावर माणसं निवांत चालतात, दाढीच्या दुकानात गर्दी, आणि शेडमधली यंत्रं बंद. म्हणूनच 'काटकोन'चं वाजवणं नेहमी गुरुवारी दुपारी असतं, कारण त्या दिवशी स्वतःचा आवाज ऐकू येतो. देवदत्त सरांना हे सांगितलं असतं तर त्यांचा लेखच कोसळला असता, असं मला वाटून गेलं.

इरफान मला गाडीतून घेऊन गेला. चाकणच्या अलीकडं गाडी कडेला घेऊन तो म्हणाला, "मॅडम, मिलिंदनं तुम्हाला काय सांगितलंय ते मला माहीत आहे. आज काहीही होऊ दे, छान झालं म्हणा. एवढंच."

"आणि त्याचा हात?"

"हात त्याचा आहे, पण बँड तिघांचा आहे. सर आम्हाला परदेशातल्या फेस्टिवलला पाठवायचं बघतायत. तो आत्ता थांबला तर माझी सगळी वर्षं पाण्यात. हे वाजवणारा दुसरा कुठून आणू? तोवर मी चाळीसचा होईन." आवाज चढवला नव्हता त्यानं. मी "चल, उशीर होतोय" म्हणाले आणि ते त्याला होकारासारखं वाटलं असावं.

शेड बास वाजवणाऱ्या ओंकारची. गावातलं जुनं घर, जमीन कारखान्यांना गेली, उरलेल्या तुकड्यावर पत्र्याच्या शेड बांधून भाड्यानं दिल्या. एक रिकामी राहिली तिच्यात हे वाजवतात. त्याची आई दारातच भेटली.

"ह्यांचं चालू झालं की म्हशी पान्हवायच्या न्हाईत," तिनं मला ऐकवलं. "शेवटी म्हशी इकल्या. पोराला न्हाई इकता आलं." मग लगेच, "मासवडी केलीया. जेवल्याबिगर न्हाई जायाचं. आमी वाट बघतोय." मासवडीत मासा नसतो, बेसनाच्या वडीत खोबरं-तिळाचं सारण असतं, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. रस्सा मात्र खरा तिखट होता. खानदेश सोडल्यापासून पहिल्यांदाच डोळ्यांत पाणी आलं.

सरांचा मात्र पत्ता नव्हता. महाळुंगे दोन आहेत, एक बालेवाडीजवळ आणि एक हे चाकणचं, आणि आमचा सगळा गट दोन गाड्या करून पहिल्या महाळुंग्याला जाऊन पोचला होता. तिथल्या एका बांधकामाचा आवाज त्यांना बाहेरून फार आवडला, असं नंतर कळलं. आत बँड वाजवतोय असं समजून ते बराच वेळ फाटकाशी उभे होते. मी थट्टा करत नाही, हे सरांनीच कौतुकानं सांगितलं.

ते आल्यावर सुरू झालं. पुढं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आडसूर मंडळी डोळे मिटून बसली. मागं काळे टी-शर्ट घातलेली आकुर्डीच्या कॉलेजची मुलंमुली उभी. ती ठेक्यावर माना हलवत होती. आमच्या गटात मान हलवणं कमी दर्जाचं समजतात. पहिल्या दोन रचना सुंदर झाल्या. पत्र्याखाली उकाडा होता, छातीत ठोके जाणवत होते आणि मिलिंद खरंच म्हणाला होता तसा होता, पट्ट्यात दुसरा कोणी नसेल असा. मी देवाला मानत नाही, पण मनात म्हटलं की आज निभू दे.

'उतरंड' सुरू झाली. मी मांडीवर मोजत होते. मधला भाग आला, गिटारचा अकराचा फेरा सुरू झाला, मिलिंदचे हलके ठोके त्याच्याखाली नीट चालले होते. एक फेरा, दुसरा. मग त्यातले काही ठोके गळायला लागले. त्याला ते कळत नव्हतं, तो वाजवल्यासारखा हात हलवत होता आणि काडी कातड्यावर टेकतच नव्हती. इरफाननं मान वर केली. ओंकार एकच सूर धरून वाट बघत राहिला. आणि मग मिलिंदच्या डाव्या हातातली काडी सुटून फरशीवर पडली. त्यानं नुसत्या उजव्या हातानं ओढत नेलं, गिटार अडखळली, क्षणभर सगळं थांबलं, आणि तिघं तीन वेगळ्या ठिकाणी परत सुरू झाले. शेवटपर्यंत ते 'एक'वर भेटले नाहीत.

मागच्या मुलांच्या माना थांबल्या होत्या. "चुकले का रे?" एक मुलगी हळूच म्हणाली. देवदत्त सरांनी वळून तिच्याकडं पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

संपलं तेव्हा सर उभे राहिले. डोळे खरंच ओले होते त्यांचे. "काळाची चौकट फोडलीत तुम्ही!" ते म्हणाले. "ते विघटन! रेकॉर्डिंगमध्ये हे नव्हतं. इतकी वर्षं ऐकतोय, असं धाडस नाही ऐकलं." मग खुर्च्यांवरची सगळीच उठून टाळ्या वाजवायला लागली. एकानं तर तेवढाच भाग परत वाजवायची फर्माईश केली.

मिलिंद घाम पुसत होता. त्यानं सरांना विचारलं, "कुठला भाग म्हणता सर, नेमका?"

"तोच! जिथं तुम्ही वाद्यच टाकून दिलंत. ती काडी पडणं, तो आवाज!"

मिलिंदनं मान हलवली आणि माझ्याकडं पाहिलं. इरफाननंही पाहिलं. त्याला मी काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत होतं आणि ते म्हणणं किती सोपं होतं! टाळ्या चालूच होत्या, आणखी दोन हात घातले असते की झालं असतं. सगळे खूश, बँड परदेशी, आणि मला हे संगीत पुढं ऐकायला मिळालं असतं, तेही माझ्या ओळखीच्या माणसांकडून. मला तेच हवं होतं.

"हात सुटला मिलिंद," मी म्हणाले. "तिसऱ्या फेऱ्यात हलके ठोके गेले, काडी नंतर पडली. पुढं तुम्ही भेटलाच नाहीत."

देवदत्त सर हसले. "नीलाताई अजून चूक आणि बरोबरमध्येच अडकल्यात," ते बाकीच्यांना म्हणाले. सगळे समजूतदारपणे हसले. मला त्या वेळी त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि अजूनही वाटते.

मिलिंद हसला नाही. "बरोबर," तो म्हणाला. "तिसरा फेरा. मला वाटलं वाजतायत." त्यानं खाली पडलेली काडी उचलली, दुसरीबरोबर ड्रमवर आडवी ठेवली आणि बाहेर जाऊन नळाखाली हात धरून उभा राहिला. "थँक्यू ताई," एवढंच म्हणाला मी जवळ गेल्यावर.  मला त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण मी ठेवला नाही.

 इरफान मला ज्या गाडीतून घेऊन आला होता ती रिकामीच घेऊन निघून गेला. ओंकारच्या आईनं कोणाला तरी सांगून मला चाकणच्या स्टँडवर सोडलं. परतीच्या जेवणासाठी मासवडी बांधून दिली होती तिनं, ती मी रस्त्यात खाल्ली नाही.

जळगाव

आठवडाभरातच गटावर त्या दिवसाचं रेकॉर्डिंग आलं. सरांनी 'उतरंड'चा तो तुकडा वेगळा कापून पाठवला होता. हैदराबादच्या कोणी, जर्मनीतल्या कोणी लिहिलं होतं की असं काही यापूर्वी ऐकलं नाही. मला लोक विचारत होते, "तुम्ही तिथं होतात? भाग्य तुमचं!" मी दोनदा स्पष्ट लिहिलं की तो माणूस आजारी हातानं वाजवत होता आणि ती काडी हातातून निसटली. पहिल्यांदा कोणी उत्तर दिलं नाही. दुसऱ्यांदा एकानं लिहिलं की त्यामुळं ते आणखीनच खरं वाटतं. मग मी गट सोडला. हल्ली मी लॅबमध्ये काहीच ऐकत नाही, मुलींना वाटतं माझा फोन बिघडलाय.

मिलिंदचं ऑपरेशन झालं. परवा त्याचा फोन आला होता. बोटं वाकतात, पाना धरता येतो, सुजाता खूश आहे. बँड चालू आहे, फेस्टिवल नक्की झालंय, इरफानला नवा ड्रमर मिळाला. आकुर्डीच्या कॉलेजातला, हुशार आहे म्हणाला. आयोजकांनी पत्रातच लिहिलंय की 'उतरंड' हवी आणि ती तशीच हवी, त्या रेकॉर्डिंगसारखी. म्हणून दर गुरुवारी मिलिंद शेडवर जातो, त्याला शिकवायला. इरफाननंच येऊन विनंती केली.

"जमतंय का त्याला?" मी विचारलं.

"बाकी सगळं बसवलं त्यानं, माझ्यापेक्षा स्वच्छ," मिलिंद म्हणाला. "तो मधला भागच येत नाही. तिथं आला की दर वेळी बरोबर वाजवतो. मग इरफान थांबवतो त्याला आणि म्हणतो, चुकलं, परत घे."